प्रोस्टेट कॅन्सरचा उपचार निवडताना: नंतरची रुखरुख टाळण्यासाठी काय करावं आणि कोणत्या क्रमाने

सोमवारी बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो आणि शुक्रवारपर्यंत ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. मधल्या चार दिवसांत घरच्यांनी फोन फिरवलेले असतात, 'काढून टाका एकदाचं' असं तीन-चार जणांनी सांगितलेलं असतं, आणि ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे तो माणूस बहुतेक वेळ गप्प असतो. दोन वर्षांनी तोच म्हणतो, "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं."

अमेरिकेत २,०७२ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा करून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के पुरुषांना आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप होत होता. ऑपरेशन केलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के, रेडिएशन घेतलेल्यांत ११ आणि लगेच उपचार न घेता देखरेखीवर राहिलेल्यांत ७ टक्के होतं. हे आकडे पाहून 'ऑपरेशन वाईट' असा निष्कर्ष काढाल तर चुकाल. पश्चात्तापाशी सर्वांत घट्ट नातं होतं ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्यातल्या तफावतीचं. जे होईल असं वाटलं होतं आणि जे झालं, त्यात अंतर जितकं जास्त तितकी रुखरुख जास्त. म्हणून पुढचे सगळे टप्पे ते अंतर उपचाराआधीच कमी करण्यासाठी आहेत.

हा लेख कॅन्सर प्रोस्टेटपुरता किंवा त्याच्या अगदी आसपास मर्यादित असलेल्यांसाठी आहे. तो हाडांत किंवा इतरत्र पसरलेला असेल तर निर्णय वेगळे असतात आणि वेळही वेगळा असतो.

टप्पा १: आधी विचारा, 'माझ्याकडे वेळ किती आहे?'

पहिल्या भेटीत एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे. "डॉक्टर, मी सहा आठवडे विचार केला तर माझं नुकसान होईल का?" कमी किंवा मध्यम जोखमीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं. हा आजार साधारणपणे सावकाश वाढतो. शिवाय बायोप्सीनंतरची सूज उतरावी म्हणून ऑपरेशन तसंही काही आठवडे थांबूनच करतात. जास्त जोखमीच्या आजारात मुदत कमी मिळते, पण तिथेही दुसऱ्या डॉक्टरांना भेटण्याइतका वेळ सहसा असतो.

इशारा: लघवी तुंबली, पायांत अचानक कमजोरी किंवा बधिरपणा आला, पाठीत रात्रंदिवस न थांबणारं दुखणं सुरू झालं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

टप्पा २: फाईल पूर्ण करा

अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय नंतर फार बोचतो. फाईलमध्ये या गोष्टी असल्याशिवाय उपचारांची चर्चा सुरू करू नका:

- पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचे आजवरचे सगळे आकडे, तारखांसह. फक्त शेवटचा आकडा चालणार नाही.
- बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट: किती तुकडे घेतले, किती तुकड्यांत कॅन्सर सापडला, प्रत्येकाचा ग्लीसन स्कोअर आणि ग्रेड ग्रुप (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक आहेत ते सांगणारे आकडे; ग्रेड ग्रुप १ ते ५ असतो).
- एमआरआयचा रिपोर्ट आणि फिल्म किंवा सीडी. कॅन्सर प्रोस्टेटच्या आवरणाबाहेर गेला आहे का, हे त्यात पाहायचं.
- गरज असेल तर बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन. कॅन्सर इतरत्र पसरला आहे का, हे त्यांत दिसतं.
- प्रोस्टेटचा आकार, घनसेंटिमीटरमध्ये.
- तुमचे बाकीचे आजार आणि चालू औषधं, सगळी.

औषधांच्या यादीत एक चूक वारंवार होते. प्रोस्टेट वाढल्यावर दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी काही महिने घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवर ४ दिसत असला तरी खरा आकडा ८ च्या जवळ असू शकतो. 'ती लघवीची गोळी' म्हणून लोक ती सांगायचीच विसरतात. ती सांगा.

ग्लीसन वाचताना दुसरी चूक होते. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ च येते, पण आजार सारखा नसतो. पहिला आकडा जास्त प्रमाणात असलेल्या पेशींचा असतो. ३+४ म्हणजे ग्रेड ग्रुप २ आणि ४+३ म्हणजे ग्रेड ग्रुप ३. 'ग्लीसन सात आहे' एवढ्यावर कोणी सल्ला देत असेल तर कोणता सात, ते विचारा.

बायोप्सीच्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवणं हा मला या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत कमी त्रासाचा आणि सर्वांत जास्त उपयोगी खटाटोप वाटतो. ग्रेड ठरवणं हे शेवटी माणसाच्या डोळ्यांचं काम आहे आणि दोन अनुभवी डोळ्यांतही फरक पडतो. पुढचा सगळा निर्णय त्या एका आकड्यावर उभा राहणार असतो.

तपासून पाहा: आपला आजार कमी, मध्यम की जास्त जोखमीचा, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: आजची स्थिती लिहून ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. उपचारानंतर दोन वर्षांनी माणूस आपली तुलना स्वतःच्या आठवणीशी करतो, आणि आठवण पन्नाशीतल्या शरीराची असते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत उपचार सुरू होण्याआधीच फक्त ६७ टक्के पुरुषांना संबंधाला पुरेशी ताठरता येत होती. म्हणजे तिघांपैकी एकाचं बिघडलेलं आधीच होतं. ते नोंदवलेलं नसेल तर नंतर सगळा दोष उपचाराच्या माथी जातो. उलटही होतं. ज्याचं सगळं उत्तम होतं त्याने ते नोंदवलं नसेल, तर त्याचं नुकसान डॉक्टरांना कळतच नाही.

एका कागदावर तारीख टाका आणि लिहा:

लघवी: रात्री किती वेळा उठावं लागतं, धार कशी आहे, खोकताना किंवा शिंकताना थेंब गळतात का. शौच: घाई होते का, रक्त पडतं का, पोट रोज साफ होतं का. लैंगिक: ताठरता येते का, टिकते का, गोळी लागते का, शेवटचा संबंध केव्हा आला. ताकद: दोन मजले चढल्यावर काय होतं, झोप कशी लागते, मन कसं असतं.

यासाठी तयार प्रश्नावल्या असतात. लघवीसाठी आयपीएसएस आणि ताठरतेसाठी आयआयईएफ-५ या दोन्ही युरॉलॉजिस्टकडे मिळतात. पाच-सात मिनिटांचं काम आहे. त्या भरा आणि प्रत फाईलमध्ये लावा.

पत्नीने तिचा कागद वेगळा लिहावा. एकत्र बसून लिहू नका. नवरा 'मला आता त्याचं काही नाही' असं डॉक्टरांसमोर म्हणतो, आणि बायकोला वाटतं की आपल्यासाठीच तो असं म्हणतोय. तीही तेच म्हणते, त्याच कारणाने. दोन कागद शेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा खरं काय ते दोघांना कळतं, असं मी पाहिलं आहे.

टप्पा ४: दोन वेगळ्या डॉक्टरांना भेटा

निदान बहुतेक वेळा युरॉलॉजिस्ट करतात, आणि युरॉलॉजिस्ट हे सर्जन असतात. त्यामुळे ऑपरेशनची चर्चा आपोआप आधी होते आणि रेडिएशन हा शब्द 'तोही एक पर्याय आहे' इतकाच कानावर पडतो. यात कोणाची लबाडी नाही. जो जे रोज करतो त्याचा त्याला विश्वास असतो. म्हणून रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टची भेट निर्णयाच्या आधी घ्या. ऑपरेशनची तारीख घेऊन मग औपचारिकता म्हणून जाण्यात अर्थ नाही.

दोघांनाही तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा:

१. माझ्या बाबतीत देखरेखीवर राहणं शक्य आहे का? नसेल तर नेमकं कशामुळे?
२. माझ्यासारख्या तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर किती जण लघवी गळते म्हणून रोज पॅड वापरतात?
३. दोन वर्षांनी किती जणांना गोळीशिवाय ताठरता येते? गोळीसह किती जणांना?
४. हा उपचार पुरा पडला नाही तर पुढचा कोणता?
५. तुम्ही सुचवलेल्या उपचाराविरुद्ध जाणारी माझी कोणती गोष्ट आहे?

पाचवा प्रश्न विचारायला लोक कचरतात. चांगला डॉक्टर त्याचं सर्वांत मोकळं उत्तर देतो.

'कोरडा' या शब्दाचा अर्थ मात्र विचारून घ्याच. काही जण एकही पॅड न लागणं म्हणजे कोरडा मानतात, तर काही जण 'सेफ्टीसाठी' एक पॅड लावणाऱ्यालाही कोरड्यांतच धरतात. दोन्ही आकडे खरे असतात, पण तुमचं जगणं त्या दोन अर्थांत सारखं नसतं.

माझ्या वडिलांच्या ऑपरेशनआधी सर्जन म्हणाले होते, "तीन-चार महिन्यांत बहुतेकांचा ताबा परत येतो." 'बहुतेकांचा' हा शब्द माझ्या वहीत आला, वडिलांच्या कानात शिरला नाही. चौदाव्या महिन्यातही ते बाहेर पडताना घडी घातलेलं पॅड खिशात ठेवत आणि कुठेही गेलं तरी दाराजवळची खुर्ची धरत. एकदा गाडीत म्हणाले, "माहीत असतं तरी मी ऑपरेशनच केलं असतं रे. पण माहीत असायला हवं होतं." हे वाक्य ऐकल्यापासून मी कोणाही सोबत डॉक्टरांकडे गेलो की भेट संपताना रुग्णालाच म्हणायला लावतो, "मी काय समजलो ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा." तुम्हीही हे करा. भेटीचं रेकॉर्डिंग करायला परवानगी मागा. बहुतेक डॉक्टर देतात.

टप्पा ५: प्रत्येक पर्यायात काय गमवावं लागतं ते समजून घ्या

जगण्या-मरण्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण सगळी घाई त्यातूनच येते. ब्रिटनमधल्या ज्या चाचणीचा उल्लेख वर आला, तिचं नाव प्रोटेक्ट. त्यात १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन या तीन गटांत वाटलं होतं. २०२३ मध्ये १५ वर्षांचे निष्कर्ष आले. प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या २.२ आणि रेडिएशनच्या २.९ टक्के होते. हा फरक नगण्य ठरला. कॅन्सर इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत ९.४ टक्के होतं, आणि बाकी दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के.

इशारा: त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण कमी आणि मध्यम जोखमीचे होते. ग्रेड ग्रुप ४ किंवा ५ असलेल्याने हे आकडे स्वतःला लावू नयेत.

*देखरेख.* अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे. ठरलेल्या वेळी पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी, असं डोळ्यांत तेल घालून ठेवलेलं हे लक्ष आहे. कमी जोखमीत हाच पर्याय सहसा आधी विचारात घ्यावा. प्रोटेक्टमध्ये या गटातल्या सुमारे ६१ टक्के पुरुषांनी १५ वर्षांत केव्हा ना केव्हा ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलं. पुढे उपचार घ्यावा लागला म्हणजे देखरेख फसली असं नाही, तेवढी वर्षं आधीच्या शरीरानिशी मिळाली. ज्याला प्रत्येक पीएसएआधी आठवडाभर झोप लागत नाही, किंवा जो तपासणीची तारीख चुकवणार हे घरच्यांना पक्कं ठाऊक आहे, त्याने हा पर्याय घेताना दोनदा विचार करावा.

*ऑपरेशन.* नुकसान पहिल्याच दिवशी होतं आणि मग हळूहळू भरून येतं. एक-दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. त्यानंतर गळती, जी पहिलं वर्षभर सुधारत राहते. प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी ४६ टक्के आणि सहा वर्षांनी १७ टक्के पुरुष पॅड वापरत होते. पुरेशी ताठरता सहा महिन्यांनी १२ टक्क्यांना, सहा वर्षांनी १७ टक्क्यांना होती. ताठरतेच्या नसा वाचवता आल्या तर आशा वाढते, पण वाचवलेल्या नसाही बरीच वर्षं वापरलेल्या असतात. ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते असं: वीर्य पूर्ण बंद होतं, आनंदाच्या क्षणी थोडी लघवी सुटू शकते, लिंगाची लांबी थोडी कमी झालेली वाटू शकते. रोबोटने केलं म्हणून या गोष्टी टळत नाहीत. लोकांची सर्वांत मोठी गैरसमजूत इथेच असते.

*रेडिएशन.* इथे घड्याळ उलटं चालतं. सुरुवातीला थकवा, लघवीची जळजळ, शौचाची घाई, आणि ते बरंचसं ओसरतं. ताठरता मात्र पुढच्या काही वर्षांत कमी होत जाऊ शकते आणि गुदमार्गातून रक्त जाण्याचा त्रास उशिरा उद्भवू शकतो. प्रोटेक्टमध्ये सहा वर्षांनी पॅड वापरणारे फक्त ४ टक्के होते. आधीच लघवीला अडथळा असेल किंवा प्रोस्टेट फार मोठी असेल तर हे आवर्जून सांगा, विशेषतः ब्रॅकीथेरपीचा (प्रोस्टेटच्या आतच स्रोत ठेवून दिलेल्या रेडिएशनचा) विचार चालू असेल तेव्हा. रेडिएशननंतर कॅन्सर परत आला तर ऑपरेशन करता येतं, पण ते अवघड आणि जास्त गुंतागुंतीचं असतं. ऑपरेशननंतर रेडिएशन देणं त्यामानाने सोपं.

*हार्मोन.* रेडिएशनसोबत अनेकांना हार्मोनची, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारी, इंजेक्शनं लागतात. मध्यम जोखमीत साधारण चार ते सहा महिने, जास्त जोखमीत दीड ते तीन वर्षं. ही गोष्ट बऱ्याचदा रेडिएशन ठरल्यानंतर सांगितली जाते, आणि रेडिएशन घेतलेल्यांची रुखरुख मी ऐकली ती बहुतेक याच इंजेक्शनांबद्दल. अंगातून गरम वाफा, इच्छा जाणं, पोट सुटणं, स्नायू झिजणं, हाडं ठिसूळ होणं, चिडचिड, उगाच डोळे भरून येणं. म्हणून विचारा: मला हार्मोन लागणार का, किती महिने, आणि थांबवल्यावर पूर्ववत व्हायला किती काळ?

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. त्याच चाचणीत देखरेखीवर ठेवलेल्या गटातही सहा वर्षांनी पुरेशी ताठरता ३० टक्क्यांनाच उरली होती. त्यांतल्या काहींनी मधे उपचार घेतले होते हे खरं, पण वयही आपलं काम करतच होतं.

टप्पा ६: निर्णयाचा कागद

एका पानावर चार वाक्यं पुरी करा.

'मी ... हा उपचार निवडतो, कारण ...'
'यात ... गमावण्याची शक्यता आहे हे मला माहीत आहे.'
'तसं झालं तर मी आधी ... करेन.'
'मी ... हा पर्याय सोडला, कारण ...'

चौथं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. रुखरुख नेहमी सोडलेल्या पर्यायाकडे बघून होते आणि काही वर्षांनी तो पर्याय होता त्यापेक्षा चांगला दिसायला लागतो. तो का सोडला होता, ते तेव्हाच्या तुमच्या शब्दांत लिहिलेलं असायला हवं.

कागद लिहून तीन दिवस ठेवा. मग दुसऱ्या वाक्यातलं नुकसान खरोखर झालं आहे असं धरून कागद पुन्हा वाचा. तरीही निवड तीच राहते का? राहत असेल तर तारीख घ्या.

चूक: कारणाच्या जागी 'मुलं म्हणाली म्हणून' किंवा 'डॉक्टर म्हणाले म्हणून' असं आलं, तर निर्णय अजून झालेला नाही. डॉक्टरांवर सोपवणं ही स्वतःची निवड असू शकते. मग तसं स्पष्ट लिहा: 'मला ठरवायचं नाही, मी यांच्यावर सोपवतो.'

टप्पा ७: उपचाराआधीचे काही आठवडे

ऑपरेशन असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधीपासून सुरू करा आणि ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पोट किंवा मांड्या आवळणारे अनेक जण महिनोन्‌महिने चुकीचाच स्नायू वापरत राहतात. पुढे मूल हवं असेल तर वीर्य साठवण्याबद्दल आत्ताच बोला. हार्मोन लागणार असेल तर हाडांची घनता आणि हृदयाची तपासणी करून घ्या, आणि वजनं उचलण्याचा व्यायाम इंजेक्शनाआधी सुरू करा. धूम्रपान बंद.

टप्पा ८: उपचारानंतर, रुखरुख आलीच तर

आधी कॅलेंडर बघा. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात केलेला हिशेब लवकर केलेला असतो. गळतीचा अंदाज वर्षाने घ्यावा, ताठरतेचा दोन वर्षांनी. रेडिएशननंतर पीएसए मधेच थोडा चढून पुन्हा उतरू शकतो, तेवढ्यावर 'उपचार फुकट गेला' असं धरू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रेडिएशन घेतलेल्याने पुढे कधीही कोलोनोस्कोपी करताना ते आधी सांगावं. गुदमार्गाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा सहज म्हणून काढला तर ती जखम भरता भरत नाही.

मग ओळखा की नेमकं काय बोचतंय. तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोचत असतात.

*जे झालं ते बोचतंय.* गळती, ताठरता, थकवा. यावर उपाय आहेत आणि बहुतेक जण ते मागायलाच जात नाहीत. गळतीसाठी व्यायाम, आणि वर्षभरात भागलं नाही तर स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी रोखण्यासाठी बसवलेली झडप). ताठरतेसाठी गोळ्या, व्हॅक्युम पंप, इंजेक्शन, इम्प्लांट. टप्पा ३ चा कागद सोबत न्या, म्हणजे काय होतं आणि काय उरलं हे डॉक्टरांना दिसेल. इशारा: हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असेल तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या अजिबात घेऊ नका. रक्तदाब धोकादायक खाली जातो.

*जे निवडलं ते बोचतंय.* टप्पा ६ चं पान काढा आणि चौथं वाक्य मोठ्याने वाचा. शक्यतो पत्नीसमोर.

*ज्या पद्धतीने झालं ते बोचतंय.* घाई झाली, सांगितलं नाही, विचारलं नाही. ही रुखरुख गोळ्यांनी जात नाही. त्या डॉक्टरांची वेगळी वेळ घ्या, तपासणीच्या रांगेत हा विषय काढू नका, आणि सांगा, "निर्णयाबद्दल तक्रार नाही, पण मला हे आधी कळायला हवं होतं." माझे वडील एकविसाव्या महिन्यात अशी वेळ घेऊन सर्जनकडे गेले. सर्जननी ऐकून घेतलं, फाईल पुन्हा उघडली, गळती मोजायला चोवीस तासांचे पॅड वजन करून आणायला सांगितले. तोवर तसं कोणी मोजलंच नव्हतं.

झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर ते हार्मोनमुळेही असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या फॉलोअपची वाट पाहू नका. आज घरातल्या एकाला सांगा आणि उद्या त्याला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जीव द्यावा असे विचार येत असतील तर एकटे राहू नका, आत्ताच कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.